फळ्याची उजवी बाजू

आमच्या शाळेत ऑफिसच्या बाहेर एक फळा आहे. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी त्याच्यापुढे खडूची पेटी घेऊन उभी राहते. गेली अकरा वर्षं हे काम माझ्याकडे आहे. का, तर माझं अक्षर चांगलं! (रांगोळी, स्वागतगीत, पाहुण्यांचा चहा आणि सुंदर अक्षर ही शाळेत बायकांच्या वाट्याला आपसूक येणारी कामं. त्यातल्या त्यात हे बरं.) फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारायची. डावीकडे 'हार्दिक अभिनंदन', उजवीकडे 'आगामी उपक्रम'. मुलांनी आठवडाभरात काय मिळवलं ते डाव्या बाजूला, पुढच्या आठवड्यात काय आहे ते उजव्या बाजूला. सोमवारी परिपाठाच्या आधी मुलं फळ्यासमोर गर्दी करतात. डावीकडे स्वतःचं नाव शोधतात, मित्राचं सापडलं तर त्याच्या पाठीत गुद्दा घालतात. उजवीकडे फारसं कुणी बघत नाही. खरं सांगायचं तर मीही कधी नीट बघितलं नव्हतं.

तर हा गेल्या वर्षीचा, 2025 च्या नोव्हेंबरातला आठवडा. दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालेलं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या त्या आडगावच्या हायस्कूलचा इतका भरलेला आठवडा माझ्या आठवणीत नाही. डावी बाजू मला पुरेना. कुस्तीत आमच्या दहावीतल्या एका मुलानं जिल्हा मारला होता. आठवीतल्या दोघींची 'इन्स्पायर'साठी निवड झाली होती, म्हणजे आता केंद्र सरकारकडून प्रयोगाचं मॉडेल करायला दहा हजार रुपये येणार. (टाकी भरली की घंटा वाजते, असं ते यंत्र. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ही टाकी दरवर्षी एकदा तरी भरतेच, आणि शेजारी कुणाचा तरी ज्वालामुखी धूर सोडत असतो. पण या दोघींनी पाणी वाया गेल्याचा हिशेब मांडला होता, त्यांच्या गल्लीतल्या नळांना स्वतः बादल्या लावून. तिथं परीक्षक थांबले असणार.) बालदिनाच्या निबंध स्पर्धेत तीन बक्षिसं. आणि सगळ्यात वर, मी लाल खडूनं लिहिलं ते हे, की सतरा वर्षांखालील मुलींचा आमचा खो-खो संघ जिल्ह्यात पहिला! आता विभागीय स्पर्धा.

या मुलींबद्दल थोडं सांगते. नावं मुद्दाम देत नाही, गाव लहान आहे. बाराजणी. त्यातल्या नऊजणी आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून एसटीनं येतात. अहिल्यादेवींच्या नावाचा मोफत पास गळ्यात नाहीतर दप्तराच्या कप्प्यात. सरावासाठी पहिल्या गाडीनं यायचं, सात वाजता मैदानावर. मैदान म्हणजे मुरूम. मॅट वगैरे आम्ही मोबाइलवर बघितलेली. दोन लाकडी खांब, चुन्याची फक्की आणि क्रीडाशिक्षकांची शिट्टी, एवढ्यावर आमचा खेळ चालतो. बहुतेकजणी अनवाणीच खेळतात, कारण बूट एकच आणि तो पीटीच्या दिवशीचा. खो-खो हा गरिबाच्या लेकीला परवडणारा खेळ आहे, हे मी खेळातलं काही न कळणारी मराठीची बाई असूनही सांगू शकते. आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. तीही शाळेत खो-खोच खेळायची. पुढे ती लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळली आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात आपल्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला तेव्हा कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. तो सामना आमच्या मुलींनी एका मोबाइलभोवती डोकी लावून बघितला होता. त्यानंतर कितीतरी दिवस सगळ्याजणी खांबाजवळची तिची वळणं नक्कल करत फिरत होत्या.

आता उजवी बाजू. 22 तारखेच्या शनिवारी मी तिथं काय लिहिलं ते जसंच्या तसं आठवतंय. बुधवार 26, संविधान दिन, उद्देशिकेचं सामूहिक वाचन. शुक्रवार 28, महात्मा फुले स्मृतिदिन, भाषणं. शुक्रवार 28 ते रविवार 30, विभागीय खो-खो, 'निवड झालेल्या विद्यार्थिनींनी पालकांचे संमतीपत्र बुधवारपर्यंत जमा करावे.' मग डिसेंबरातली एनएमएमएस परीक्षा, आणि स्नेहसंमेलनासाठी नावं देणं. प्रत्येकाला एक ओळ. सुबक अक्षर, खाली नागमोडी रेघ. झालं माझं काम!

कुस्तीवाल्या मुलाचं संमतीपत्र सोमवारीच आलं. त्याचे वडील स्वतः घेऊन आले. सही करून वर म्हणाले, "सर, गाडी आपली घेऊ की! दोस्तमंडळी पण येतील त्याची." मुलाचा मुक्काम कुठं, जेवण काय, सोबत कोण, एक प्रश्न नाही.

खो-खोची बुधवारपर्यंत बारापैकी सात आली.

क्रीडाशिक्षक माझ्यापुढे येऊन बसले. बिचारे हिरमुसले होते. "बाई, पाचजणी नाहीत म्हणजे संघच नाही. आणि मुलींसोबत शिक्षिका हवी, त्याशिवाय नेता येत नाही. तुम्ही येता का?"

माझ्या तोंडून काय निघावं? "बघते हं, घरी विचारून सांगते."

मैत्रिणींनो, माझी नोकरी चोवीस वर्षांची. एक मुलगा नोकरीला लागलाय. आणि मी दोन रात्रींच्या मुक्कामासाठी घरी 'विचारून' सांगणार होते! विचारलंही. सासूबाईंचा गुडघा दुखत होता, ते खरंच होतं. ह्यांनी पेपरातून मान वर न करता "मग जेवणाचं काय?" असं विचारलं. रागावून नव्हे बरं का, साधी माहिती म्हणून. शेवटी शेजारच्या वहिनींना दोन दिवस पोळ्यांचं सांगितलं, सासूबाईंना शेक कसा द्यायचा ते ह्यांना दाखवलं आणि तेव्हा कुठं मोकळी झाले. मुलींच्या संमतीपत्रांची मी वाट बघत होते. माझंच अजून सही व्हायचं होतं!

बुधवारी संध्याकाळी आमच्या इंग्रजीच्या मॅडमच्या स्कूटीवर बसून आम्ही पाच घरं करायला निघालो. दोन घरी काम सोपं होतं. एकीकडे वडील बाहेरगावी होते आणि आईला सही करायचा धीर नव्हता. फोनवर बोलणं झालं, मोकळं झालं. दुसरीकडे आजीला वाटलं होतं की हे पैसे भरायचं काहीतरी आहे. "फुकट हाय व्हय? मग जाऊ द्या की तिला!"

तिसरं घर वस्तीवरचं. आमची सगळ्यात चपळ पोरगी या घरची. पळतीला उभी राहिली की अख्खा डाव संपतो पण ही बाद होत नाही. अंगणात म्हैस, दारात कडब्याची पेंढी सोडत असलेली तिची आई. मी आपलं नेहमीचं सुरू केलं. मुलगी गुणी आहे, शाळेचं नाव काढील, दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, वगैरे. ती बाई शांतपणे ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाई, ते समदं बरूबर हाय. पर ऱ्हायाचं कुठं?"

मी म्हटलं, "एका शाळेत सोय केलीय."

"वर्गात?"

"हो, वर्गातच असेल."

"कडी आतनं लागती का दाराला? संडास कुठल्या अंगाला हाय? रातच्याला पोरीला जायाचं झालं तर कोन जाणार संगट?" मग आवाज खाली आणून, लेकीकडे न बघता, "तिची तारीख बी त्याच दिवसात हाय."

मला यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. आम्ही मास्तर लोक स्टाफरूममध्ये बसून किती सहज म्हणतो, 'पालक अडाणी आहेत हो, मुलींना पाठवत नाहीत.' आणि ही सातवी शिकलेली बाई मला चार असे प्रश्न विचारत होती जे मी चोवीस वर्षांत एकाही नोटिशीत लिहिले नव्हते. तिचा नकार नव्हताच मुळी. तिला माहिती हवी होती आणि ती द्यायला शाळेतून कुणी आलंच नव्हतं. आमची सूचना फळ्यावर होती. फळा गावात, वस्ती पाच किलोमीटरवर. आणि फळ्यावर तरी काय, तारीख!

तिथंच उभ्या उभ्या क्रीडाशिक्षकांना फोन लावला. त्यांनी यजमान शाळेत विचारलं. अर्ध्या तासानं उत्तर आलं. खोली पहिल्या मजल्यावर, कडी आहे, स्वच्छतागृह मात्र मैदानाच्या पलीकडं आणि रात्री तिथं दिवा नाही. सरांनी सांगून मुख्याध्यापकांच्या कार्यालयाजवळचं उघडून घेतलं. हा फोन आधी झाला असता तर? पण तो करायचा असतो हे कुणाला सुचलंच नव्हतं, मला बाई असूनही नाही. मी म्हटलं, "वहिनी, रात्री मी दाराशी झोपेन. पॅड माझ्या पिशवीत असतील, सगळ्यांना पुरतील एवढे. हा माझा नंबर." तिनं कडब्याचा हात पदराला पुसला आणि सही केली. पूर्ण नाव, जोडाक्षरासकट.

चौथ्या घरी जे झालं ते अजून टोचतं. मोठीच्या संमतीपत्राचं काम दोन मिनिटांत झालं. निघताना सहज धाकटीला विचारलं. ती आमच्याच शाळेत आठवीत, वर्गात पहिल्या तिघींत. "काय गं, एनएमएमएसचा अभ्यास कुठपर्यंत?" तर म्हणे, फॉर्मच भरला नाही. उत्पन्नाचा दाखला लागतो, तो काढायला तहसीलला जायला वडिलांना सवड झाली नाही. शेतमजूर माणूस, एक खाडा म्हणजे एक मजुरी. "तेवढ्यासाठी खाडा कशाला, म्हणलं परीक्षाच तर हाय!" वडील म्हणाले.

परीक्षाच तर आहे! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ही परीक्षा आठवीतल्या मुलांसाठी असते, सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. बुद्धिमत्तेचे नव्वद आणि शालेय विषयांचे नव्वद असे दोन पेपर. शिष्यवृत्तीला निवड झाली की नववी ते बारावी अशी चार वर्षं, वर्षाला बारा हजार रुपये, थेट मुलाच्या किंवा मुलीच्या बँक खात्यात. म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. ज्या घरात दहावीनंतर मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा प्रश्न 'खर्च कोण करणार' या एका वाक्यावर संपतो, तिथं हे अठ्ठेचाळीस हजार म्हणजे त्या वाक्याला उत्तर आहे. वडिलांना हा आकडा सांगितला तेव्हा ते काही बोलले नाहीत. पायरीवर बसले. अर्जाची मुदत केव्हाच संपली होती.

फळ्यावर तीन आठवडे ती सूचना होती. माझ्याच अक्षरात. 'इच्छुक विद्यार्थ्यांनी एनएमएमएस परीक्षेचे अर्ज भरावेत.' ना रक्कम, ना दाखल्याचं काही. 'इच्छुक' म्हणे! न सांगता इच्छा कुठून व्हायची?

पाचवं घर आमच्या कर्णधाराचं. नववीतली, पंधराची. दारात चपला जास्त दिसल्या तेव्हाच मी काय ते समजले. शनिवारी पाहुणे येणार होते. "नुसतं बघून जानार हायती, लगीन काय आत्ता न्हाई," असं तिचे काका म्हणाले. हे 'नुसतं बघणं' आपल्याला काय नवीन आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत आपल्या पुढारलेल्या महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं. पाचातली एक. मी नकळत माझ्या बाराजणी मोजल्या.

त्या घरात मी भांडले. शांतपणे, पण भांडले. 2006 चा कायदा सांगितला, गावात ही लग्नं रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाची असते तेही सांगितलं, आणि 1098 हा नंबर कुणीही फिरवू शकतं, अगदी मुलगीसुद्धा, हे मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. इंग्रजीच्या मॅडम घाबरून माझा पदर ओढत होत्या. काका म्हणाले, "बाई, तुमी खेळाचं बोलाया आलाय का वकिलीचं?" संमतीपत्र मिळालं नाही. कर्णधार स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. जाताना माझ्याकडे बघून तिनं फक्त एवढं विचारलं, "बाई, खांबावर कोन बसनार मग?"

अकराजणी घेऊन आम्ही गेलो. एसटीत गाणी, भेळ, एकीला उलटी, सगळं रीतसर झालं. आधी ठरल्याप्रमाणे मी दाराशी झोपले. झोपले म्हणजे पडून राहिले, कारण रात्रभर 'बाई, जाऊन यायचंय' चालू होतं आणि दर वेळी तिघी-तिघी उठत होत्या. पहिला सामना जिंकलो. दुसराही. उपांत्य फेरीत एका गुणानं गेला. वस्तीवरची ती पोरगी शेवटच्या पळतीत एकटी उरली होती, वेळ संपत आली होती, आणि खांबाजवळ तिचा पाय घसरला. खेळात हे व्हायचंच असं सर म्हणाले. मुली मात्र परतीच्या गाडीत एकमेकींच्या मांडीवर डोकी ठेवून रडल्या. गाव जवळ आल्यावर तोंडं धुतली आणि भूक लागली म्हणाल्या.

सोमवारी शाळेत गेले तर फळा आदल्या आठवड्याचाच. मी नव्हते तर कुणी लिहिलाच नव्हता. कुस्तीवाला मुलगा विभागात दुसऱ्याच फेरीत हरून आला होता. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आता अभिनंदनात काय घालणार? जिंकलं तर कुणीच नाही." चांगला माणूस आहे हो, वाईट हेतूनं म्हणाले नाहीत. फळ्याची पद्धतच तशी पडलेली, क्रमांक असेल तर नाव. मी त्यांना म्हटलं, "सर, एक आठवडा माझ्यावर सोडा."

डाव्या बाजूला मी लिहिलं, विभागीय खो-खो, उपांत्य फेरीपर्यंत, आणि खाली संघाची बारा नावं. बाराही. कर्णधाराचं पहिलं. त्याखाली कुस्तीवाल्याचं. मग रेघ मारली आणि उजव्या बाजूला आले. तिथं मला पहिल्यांदाच जागा अपुरी पडली. स्नेहसंमेलनाच्या तालमी: रोज तीन ते साडेचार, सोबत कोण शिक्षिका, शेवटच्या गाडीच्या आधी सुट्टी. वेशभूषा घरातलीच, विकत काही आणायचं नाही. तालुका विज्ञान प्रदर्शन: जाण्या-येण्याचा खर्च शाळेचा, परत किती वाजता. एनएमएमएस, सातवीच्या पालकांसाठी: पुढच्या वर्षीची तयारी आत्तापासून, रक्कम किती, कागद कुठले, उत्पन्नाचा दाखला आणि आधारवरचं नाव शाळेच्या रजिस्टरशी जुळतं का ते बघा, अडचण असेल तर शनिवारी साडेअकराला मला भेटा. अक्षर बारीक झालं, नागमोडी रेघेला जागाच उरली नाही. फळा अगदी वाण्याच्या उधारीच्या वहीसारखा दिसत होता! एका सरांनी जाता जाता विचारलंसुद्धा, "बाई, एवढं कोण वाचणार?"

त्यांचंही बरोबर आहे. वस्तीवरची आई काही फळा वाचायला येणार नाही. म्हणून आता तोच मजकूर कागदावर उतरवून मुलींच्या हाती घरी जातो आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या आवाजातही जातो, कारण वाचण्यापेक्षा ऐकणं पुष्कळजणींना सोपं पडतं. पहिल्याच आठवड्यात सातवीच्या चार आया साडेअकराला व्हरांड्यात येऊन बसल्या होत्या. एकीनं दाखल्यासाठी खाडा केला होता आणि तो फुकट जाणार नाही ना, हे पक्कं करायला आली होती.

कर्णधार बुधवारी शाळेत आली. पाहुण्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. मॅडमनी विचारलं तेव्हा 'अजून निरोप न्हाई' एवढंच म्हणाली. तिच्या घरी मी आणखी एकदा जाणार आहे आणि या वेळी एकटी नाही, मुख्याध्यापकांना घेऊन. मधल्या सुट्टीत ती फळ्यासमोर उभी होती. डावीकडचं स्वतःचं नाव तिनं बघितलं असावं, पण त्याबद्दल काही बोलली नाही. उजवीकडे बोट ठेवून म्हणाली, "बाई, तालमीला साडेचार लिवलंय. आमची गाडी सव्वाचारची हाय."

मी डस्टर घेतला आणि साडेचारचे चार केले.